बाहेरच्यांची सोय

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. भाषा शुद्ध आणि कार्यालयीन ठेवायची. वही कोणालाही दाखवायची नाही, सिक्युरिटीचा पहिला नियम.

दुपारी भाऊसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या कृषी विद्यालयाच्या संस्थेचे सचिव, अन् मी तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा. म्हणे, बस शाम. आठ वर्षांत पहिल्यांदा मले बस म्हटलं राजेहो! (शुद्ध भाषा उद्यापासून.)

विषय असा. २६ तारखेला तपासणी समिती येते. मेंबर तीन, तिघंही बाहेरचे. अध्यक्ष अमरावतीच्या रुपाली मॅडम. त्यांना सगळे कागद आधीच घरबसल्या पाहायचे आहेत. कागद डब्ब्यात आहेत. डब्बा म्हणजे नेटवर्क स्टोरेज. मी स्वतः त्याले डब्बा म्हणत नाही, पण पूर्ण कॉलेज म्हणते. डब्बा डोमेनले जोडलेला आहे. डोमेन म्हणजे कॉलेजचं नावांचं एकच रजिस्टर. ज्याचं नाव रजिस्टरात, त्यालेच डब्बा उघडते. बाहेरच्यांचं नाव त्यात नाही. त्याहिले आत तर घ्यायचं, पण ओसरीच्या पुढं येऊ द्यायचं नाही. जगभरचे इंजिनियर या प्रश्नावर डोकं धरून बसले असतील.

भाऊसाहेब म्हणे, हे नीट जमवलं तर ३१ ले तुझं कंत्राट संपते, त्या जागी पक्की ऑर्डर देतो. देतो म्हणे. मी दोन वेळा विचारलं.

बाहेर आलो तर क्लार्क मोनालीनं ऐकलेलं होतं. वय चोवीस, वडिलांच्या जागी अनुकंपावर लागली, म्हणून पक्की. म्हणे, सर, फोल्डरची लिंक बनवा, पासवर्ड टाका, बंद व्हायची तारीख टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी हसलो. लेकरू आहे.

४ मार्च

पहाटे कल्पना सुचली. लग्न! आपल्याकडे लग्नात बाहेरची हजार माणसं येतात, तरी देवघरात कोणी घुसते का? नाही. म्हणून डब्ब्यात चार ग्रुप केले. मांडव: यांनी फक्त नावं पाहायची. पंगत: यांनी फाइल उघडून वाचायची. आचारी: यांनी बदल करायचा. देवघर: यात मी एकटा. समितीचे तिघं पंगतीत. त्याहिची युजरनेम पाहुणे-१, पाहुणे-२, पाहुणे-३.

संगीताले (बायको) समजावून सांगतलं. ती ब्लाउजले काज-बटणं लावून राह्यली होती. म्हणे, तुमच्या चुलतभावाच्या लग्नात सहाशेचा सैपाक होता अन् नऊशे जेवले, अन् देवघरात चपला निघाल्या. बाईमाणसाले टेक्निकल सांगू नये.

५ मार्च, सायं. ४.१०

रुपाली मॅडमचा पहिला लॉगिन. फोनवर चाळीस मिनिटं. आधी कॉलेजचं नाव, मग उलटी तिरपी काठी, मग पाहुणे-१. मॅडमले उलटी काठीच सापडेना. म्हणे, सरळ आहे, उलटी नाही. म्हटलं, एंटरच्या वर पहा. म्हणे, एंटरच्या वर आमची मांजर बसली आहे. तीन वेळा चुकलं अन् अकाउंट लॉक झालं.

म्हणजे सिक्युरिटी पक्की. पहिली टेस्ट यशस्वी. मॅडमचं अभिनंदन केलं. त्याहिनं फोन ठेवला.

मुख्य पासवर्डही आजच बदलला. बावीस अक्षरी. कोणाच्या हाती लागू नये म्हणून एका फाइलीत लिहून डब्ब्यातच ठेवला. डब्ब्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती?

७ मार्च

एक लहानशी अडचण. राजकुमारजी म्हणजे भाऊसाहेबांचे जवाई. कॉलेजात पदावर नाहीत, पण रोज येऊन कूलरसमोर बसतात. त्याहिले कोणीतरी सांगतलं की अमरावतीच्या बाईले युजरनेम भेटलं. म्हणे, बाहेरच्याले आहे अन् घरच्या जवायाले नाही? भाऊसाहेबांचा फोन: शाम, देऊन टाक. दिलं, पंगतीत.

दोन वाजता परत. पंगतीत वाचताच येते म्हणे, अन् मोनालीले तर लिहिता येते. म्हणजे जवाई क्लार्कच्या खाली बसला का? आचारी केलं.

तीन वाजता प्राचार्य आले. जवाई लिहून राह्यला अन् आम्ही नुसते वाचत बसायचं? आचारी. मग उपप्राचार्य. मग भाऊसाहेबांचे साळे. मग लायब्ररीचे सर, जे गेल्या दिवाळीपासून कोणाशी बोलत नाहीत, ते बोलले. साडेचारला चंदाबाई पाण्याचा ट्रे ठेवून उभीच राह्यली. चंदाबाई आमची शिपाई. म्हणे, तीस वर्सं झाली साहेब पाणी पाजून राह्यली, माह्यं नाव कोणत्याच रजिस्टरात नाही का? डोळे भरलेले. आता काय म्हणणार? दिलं.

समितीसाठी उद्या नवा उपाय करायचा. मोनाली म्हणे, सर, मॅडमचा मले फोन आलता, मी तात्पुरती लिंक पाठवून देऊ का? म्हटलं, पाठव, तुले काय खेळायचं ते खेळ. मी कामात होतो.

१० मार्च, सोमवार

मोजदाद केली. एकेचाळीस लोकांकडे फुल कंट्रोल. मानपान सांभाळता सांभाळता देवघरात सगळं गाव. तीनच जण आत येऊ शकत नाहीत: पाहुणे-१, २ आणि ३.

तरी मूळ आराखडा बरोबर आहे. माणसं चुकीची आहेत.

११ मार्च

डब्बा फुल्ल. राजकुमारजींनी आपला हक्क वापरला. मुलीच्या जावळाचे फोटो नऊशे अन् व्हिडिओ तीन तासांचा. तपासणीच्या मुख्य फोल्डरात टाकले, काहून की ते पहिलं दिसते. प्राचार्यांनी शेजारी आपल्या सोयाबीनच्या प्लॉटचे फोटो टाकले. चंदाबाईनं फक्त एक फाइल बनवली. उघडून पाह्यली. कोरी. नाव: चंदाबाई.

माझं डोकं तापलं. संकल्प: यापुढं तोंड पाहून परवानगी नाही. नियम म्हणजे नियम.

१४ मार्च, धुळवड

आमच्या बंजारा तांड्यावर गेलतो, बाभुळगावकडं. लेंगी (आमची होळीची गाणी) जोरात. याडी (माझी आई, रुक्माबाई) अख्ख्या तांड्याले सांगून राह्यली की माह्या पोराले कॉलेजचा डब्बा सांभाळाले देला. दुपारपर्यंत अकरा मोबाइल माझ्यासमोर. एकाचा तर रेडिओ.

रामसिंगकाका रंगलेल्या तोंडानं जवळ बसला. बाहेरच्यांना आत कसं घ्यायचं ते मी त्याले समजावून सांगत होतो. सगळं ऐकून म्हणे, ते जाऊ दे, तुले आत घेतलं का त्याहिनं?

कंत्राट ही निव्वळ कागदोपत्री बाब आहे हे त्याले समजावलं. तो लेंगी म्हणायला निघून गेला.

याडीनं निघताना डब्यात पुरणपोळ्या बांधल्या. म्हणे, ऑर्डर आली की पयले मले दाखव, मी डोळ्यानं पाहीन. आठ वर्षं झाली, दर होळीले हेच म्हणते. म्हटलं, याडी, औंदा नक्की. एसटीत मले एकट्यालेच हसू आलं. खरंच येणार आहे औंदा.

१७ मार्च, सकाळी ११

सापडला! उपाय सापडला.

लग्नाच्या बैठकीत दहा जण हो म्हटले अन् एक म्हातारा नाही म्हटला, तर नाहीच होते. डब्ब्यातही तसंच आहे. डिनाय नावाची एक खूण आहे. ती लागली की बाकीचे सगळे हो फुकट. एका माणसाले चाळीस ग्रुपांनी परवानगी दिली अन् एका ग्रुपानं डिनाय म्हटलं, तर माणूस बाहेर.

नवा ग्रुप: बाहेरचे. यांना सगळीकडं डिनाय. फक्त तपासणीचं फोल्डर लिंकवर दिसणार, तेही नुसतं पाहायचं, उतरवून घ्यायचं नाही, छापायचं नाही. पाहा अन् जा. डब्ब्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकेले हाच नियम. दारावर, म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवर, स्वतः मराठीत पाटी लिहिली: आपण बाहेरचे आहात. आपणास परवानगी नाही. कळावे. 'कळावे' मोनालीले आवडलं नाही. मले आवडलं.

आता बाहेरचं कोण अन् आतलं कोण, हे मी ठरवणार नाही. मशीन ठरवणार. ऑफिसच्या पक्क्या मस्टरवर ज्याचं नाव, तो आतला. उरलेले सगळे आपोआप बाहेरचे. मोनाली मस्टर घेऊन आली अन् म्हणे, सर, नक्की? म्हटलं, नक्की. म्हणे, एकदा नावं वाचून पाहता का? म्हटलं, नावं वाचली की पक्षपात होते. एंटर मारलं.

सायं. ५.४०

डब्ब्यात जाता येत नाही. व्हायरस असावा. नाहीतर गर्मी, आज एकोणचाळीस होतं. राजकुमारजींचा कूलर डब्ब्याकडं फिरवून घरी आलो.

१८ मार्च

व्हायरस नाही. गर्मीही नाही.

मोनालीनं खुर्ची ओढून हळू आवाजात सांगतलं. म्हणे, सर, पक्क्या मस्टरवर तुमचं नाव नाही न. तुम्ही कंत्राटी आहे.

मी म्हटलं, ते मले माहीत होतं. टेस्टसाठी केलं. ती म्हणे, हो सर.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पाटी मीच लिहिली होती, त्यामुळं वाईट वाटायचं कारण नव्हतं. पण वाटलं.

मुख्य पासवर्ड टाकला की मिटते सगळं. पासवर्ड डब्ब्यात. मोनालीले विचारणं प्रतिष्ठेत बसत नव्हतं. म्हणून चंदाबाई. ती पक्क्या मस्टरवर, तिच्याकडं फुल कंट्रोल. तिले कॉम्प्युटरसमोर बसवलं अन् पासवर्डची फाइल उघडायला लावली, मी पार्टिशनच्या पलीकडच्या कॉम्प्युटरवर. इंग्रजी तिले येत नाही. म्हणे, पयले जिलबी हाय साहेब. मग कोयता. मग खाट. खाटंच्या बाजूले दोन जिलब्या. मग साप, काठीवर चढून राह्यला. मग लहान्या पोराचं नाक हाय. अर्धा तास लागला, नाकातच सतरा मिनिटं. पण उघडलं!

दुपारी कँटीनवाल्यानं विचारलं, साहेब, जिलबी-कोयता-खाट चालू झाला का? पासवर्ड लगेच बदलावा लागला. चंदाबाई पोटात ठेवते असं मले वाटलं होतं.

सायं. ७

खरा घोळ आता कळला. राजकुमारजीही मस्टरवर नाहीत. काल संध्याकाळी त्याहिच्या सासरी, म्हणजे भाऊसाहेबांच्याच घरी, पाहुणे जेवायला होते. ताटं वाढलेली. राजकुमारजींनी सगळ्यांना जावळाचे फोटो दाखवायसाठी मोबाइलवर डब्बा उघडला. वर माझी पाटी. आपण बाहेरचे आहात. आपणास परवानगी नाही. कळावे.

सासरच्या पंगतीत, चार पाहुण्यांसमोर, जवायाले! ते भरल्या ताटावरून उठले. सासूबाईंनी पाय धरले म्हणतात. मोटरसायकल काढून यवतमाळले निघून गेले, बायको-पोरगी इथंच. भाऊसाहेब फोनवर ओरडले नाहीत. नुसतं म्हणे, शाम, तू त्याले बाहेरचा म्हटलं?

म्हटलं, मी नाही म्हटलं साहेब, मस्टरनं म्हटलं.

१९ मार्च

माफी मागायला स्वतः यवतमाळले. नारळ, पेढे, अन् नवा ग्रुप. नाव: मानकरी. त्यात राजकुमारजी एकटे, सगळ्या परवानग्या. त्याहिले म्हटलं, भाऊजी, आता उघडून पहा, पूर्ण डब्बा तुमचा.

त्याहिनं उघडलं.

डिनाय सगळ्यांवर भारी पडते हे मी १७ तारखेलाच लिहून ठेवलं होतं. पण मानकरी करण्याच्या आनंदात त्याहिचं नाव बाहेरच्यांमधून काढायचं राहून गेलं. पाटी परत आली. कळावे.

पेढे त्याहिनं ठेवून घेतले. नारळ परत दिला.

परतताना कळंबले चिंतामणीच्या दर्शनाला थांबलो. मागितलं काही नाही. फक्त २६ तारीख आठवण करून दिली.

२१ मार्च, शुक्रवार

संबंधांचं नंतर पाहू. आधी समिती. पाच दिवस राह्यले अन् रुपाली मॅडमचा एकदाही लॉगिन नाही. पासवर्ड फोनवर सांगणं धोक्याचं, ई-मेलवर त्याहून धोक्याचं. सगळ्यात सुरक्षित काय? हातोहात. लग्नपत्रिका कशी देतो? घरी जाऊन, अक्षता देऊन. तीन पाकिटं केली. संगीताच्या सामानातलं सोनेरी कापड लावलं, कोपऱ्याले हळद-कुंकू. आत नवा पासवर्ड.

संगीता म्हणे, हे फोनवर नाही सांगता येत? मी तिसऱ्या पाकिटाले कुंकू लावलं.

२२ मार्च

यवतमाळहून एसटी, साडेअकराले अमरावती. मॅडम घरी नव्हत्या. सासूबाई होत्या. हळद-कुंकू पाहून आधी पाट मांडला, चहा दिला, मग म्हणे, लग्न कोणाचं?

सांगता येत नाही म्हटलं. गुप्त आहे.

म्हातारी जवळ सरकून बसली. मग माझ्याकडं फार मायेनं पाह्यलं. म्हणे, घरच्यांचा विरोध आहे का? मी म्हटलं, कॉलेजात काही लोकांचा आहे. म्हणे, पोरगी कशी आहे? मले वाटलं मोनालीबद्दल विचारून राह्यल्या, म्हणून म्हटलं, हुशार आहे पण ऐकत नाही. त्याहिनं जबरदस्ती ब्लाउजपीस, नारळ अन् टॉवेल-टोपी दिली. पाकीट देवाजवळ ठेवलं. निघताना म्हणे, घाबरू नको बाबा, होईल सगळं नीट.

सुरक्षित हस्तांतर पूर्ण. बाकीच्या दोन मेंबरांची पाकिटं नागपूरले कुरिअरनं, काहून की टोप्या किती सांभाळायच्या.

२४ मार्च, सोमवार

रुपाली मॅडमचा फोन. आवाजात हसू दाबल्यासारखं. पाकीट मिळालं म्हणे. पासवर्डही चालला. पण डब्बा म्हणते, पहिल्या वेळी पासवर्ड बदला, अन् बदलायचा तर कॉलेजच्या आतूनच बदलता येतो. बरोबर आहे, तो नियम माझाच आहे. म्हटलं, मॅडम, परवा येताच आहात, तेव्हा आत बसून बदला, मग घरी गेल्यावर बाहेरून पाहा.

मॅडमनं हसू खोकल्यात लपवलं. मग म्हणे, राठोड, काळजी करू नका, आमचं तिघांचंही सगळं पाहून झालं आहे. सात तारखेलाच लिंक आली होती, एका क्लिकात उघडली.

म्हटलं, असं होऊच शकत नाही मॅडम, सिस्टिममध्ये पाहुणे-१ नं फाइल उघडल्याची नोंद शून्य आहे.

मोठ्या लोकांचं असंच असते. आपल्या मनाला लागू नये म्हणून बोलतात. मॅडमबद्दल आदर वाढला.

२६ मार्च, तपासणी

सकाळी सहापासून कॉलेजात. इस्त्रीचा शर्ट. डब्ब्याले हार घातला होता, प्राचार्यांनी काढायला लावला.

अकराले समिती आली. स्वागत, सत्कार. मग मी प्रोजेक्टर लावला अन् बाहेरच्यांसाठी सुरक्षित व्यवस्था या विषयावर दोन शब्द बोललो. शब्द जरा वाढले. पंचवीस मिनिटं झाली. मग प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. प्रोजेक्टरचा लॅपटॉप उपप्राचार्यांच्या भाच्याचा होता, तो रजिस्टरात नव्हता. भिंतीवर सहा फुटांची पाटी: आपण बाहेरचे आहात. आपणास परवानगी नाही. कळावे.

समोर समिती. पहिल्या रांगेत भाऊसाहेब. त्यांच्या बाजूले राजकुमारजी, दोन दिवसांपूर्वीच समजूत काढून आणलेले.

उपप्राचार्य वायर शोधायला वाकले. मग रुपाली मॅडम हसल्या. म्हणे, खरंच आहे, आम्ही बाहेरचेच की. सगळे हसले. राजकुमारजी उठून गेले.

पण शेरा पाहा. मी मॅडमच्या खांद्यावरून वाचला: बाह्य व्यक्तींना कागदपत्रे पाहण्याची व्यवस्था सोपी व उत्तम. उत्तम! मोनाली चहाचे कप मोजत होती, तिले वाचून दाखवलं. म्हटलं, शिक यातून काही. म्हणे, हो सर.

जाताना मॅडमनं विचारलं, सासूबाई विचारत होत्या, लग्न ठरलं का? हा प्रश्न मले अजून कळला नाही.

उद्या ऑर्डर. संगीताले सांगून ठेवलं.

२७ मार्च

भाऊसाहेबांनी बोलावलं. आज बस म्हटलं नाही.

म्हणे, शेरा चांगला आला. म्हटलं, हो साहेब. म्हणे, सोपी व्यवस्था कोणी केली ते मॅडमनं मले सांगतलं. डब्ब्याचा अतिरिक्त कार्यभार मोनालीकडं देतो, वेगळ्या जागेची गरज नाही. तुझं कंत्राट ३१ ले आपोआप संपते, वेगळं पत्र काढायची गरज नाही.

म्हटलं, साहेब, आठ वर्षं. म्हणे, घरात माझी पोरगी चार दिवस जेवली नाही शाम. मी काय करू?

खरं सांगतो, त्या वेळी मले त्या माणसाचा राग आला नाही. राग त्या 'कळावे'चा आला. 'कळावे' नसतं तर जवायाले एवढं लागलं नसतं.

मोनाली जिन्यात भेटली. रडून राह्यली होती. म्हणे, सर, मी भाऊसाहेबांना नको म्हटलं होतं, देवाशपथ. तिची समजूत काढली. म्हटलं, हा प्रशासकीय निर्णय आहे, फेरविचार होईन, ते मले बोलावतीन. डब्बा मोनालीच्या हातून एक आठवडा चालणार नाही. नवा मुख्य पासवर्ड तिले कागदावर लिहून दिला. तिनं माझ्यासमोरच पाच मिनिटांत बदलला अन् तोही डोक्यात ठेवला, फाइलीत नाही. निष्काळजीपणा.

३० मार्च, गुढीपाडवा

याडीचा फोन. ऑर्डर आली का? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. म्हणे, ते काय राह्यते? म्हटलं, येऊन राह्यली. संगीता ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर तिनं श्रीखंड जास्त वाढलं. तिचं असं जास्त वाढणं मले सहन होत नाही.

३१ मार्च, सोमवार

कंत्राट संपायचा दिवस. कॉलेजले ईदची सुट्टी. कोणी बोलावलं नाही, काहून की कोणी नव्हतंच. हे लक्षात घ्यायला पाहिजे.

२ एप्रिल

अजून फोन नाही. मार्चएंडची धावपळ असन.

४ एप्रिल

यवतमाळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सोमवारी मुलाखत. मी फक्त अनुभव म्हणून जातो आहे, इतक्यात कॉलेजनं बोलावलं तर नाही म्हणीन. त्याहिले अनुभवाचा दाखला पाहिजे. मोनालीले फोन केला. म्हणे, प्राचार्यांची सही घेते सर, डब्ब्यातून लिंक पाठवते.

५ एप्रिल, शनिवार

तांड्यावर आलो. सकाळी मोनालीची लिंक आली. पासवर्ड वेगळ्या मेसेजवर, लिंक बंद व्हायची तारीख खाली. एका क्लिकात उघडली. एवढ्या सहज उघडते म्हणजे सुरक्षा कमकुवत आहे.

दाखला चांगला लिहिला. श्री. शाम धावजी राठोड यांनी आठ वर्षे प्रामाणिकपणे काम केले. वर कॉलेजचं नाव, खाली गोल शिक्का. पण उतरवून घेता येईना. छापताही येईना. मोनालीले फोन लावला. म्हणे, सर, बाहेरच्यांच्या लिंकेले तुम्ही नियम लावला न, नुसतं पाहायचं, न्यायचं नाही. तो अजून काढला नाही मी. तोवर स्क्रीनशॉट काढा न. म्हटलं, मोनाली, माझ्याच नियमाले मीच भोक पाडू? नाही. सोमवारी कॉलेजात येऊन कागदच नेतो.

याडी मागून पाहत होती. वाचता येत नाही तिले, पण गोल शिक्का ओळखते. हात पुसले, मोबाइल दोन्ही हातांनी घेतला. माह्या पोराची ऑर्डर, म्हणे. कपाळाले लावला. मग रामसिंगकाकाले हाक मारली, शेजारच्या नलूले हाक मारली, पाहा म्हणे, डोळ्यानं पाहा. काकानं चष्मा लावून सगळं वाचलं. माझ्याकडं पाह्यलं. मग म्हणे, हो वहिनी, पक्की आहे.

मी चार्जर शोधायला लागलो.

याडी म्हणे, कागद कुठं हाय याचा? म्हटलं, हे नुसतं पाहायचं असते याडी, घ्यायचं नाही. तिले पटलं. साहेब लोकांचं तसंच असन म्हणे. मोबाइल तिनं सोडला नाही, स्क्रीन काळी पडली की मले उघडायला लावे. चार वेळा उघडून दिलं. मग म्हणे, किती दिवस दिसन हे?

म्हटलं, बारा तारखेपर्यंत.